साठ्यांच्या बोलण्याची चौकशी

आमच्या घरी कुणी 'पाऊस थांबला' असं म्हटलं, तरी बाबा उठून पडदा सारत आणि स्वतः बघून येत. पाऊस थांबलेलाच असे. तरीही बोलणाऱ्याकडे ते जरा डोळे बारीक करून पाहत, की या वेळी सुटलास, पुढच्या वेळी बघतो. कौन्सिलची पत्रं, टीव्हीवरचा हवामानवाला, सुपरमार्केटातली 'ताजी' मेथी, माझे गणिताचे मार्क, सगळं त्यांच्या तपासणीतून जाई. आई सांगायची की लग्न झाल्यावर तिने केलेल्या पहिल्या आमटीत गूळ आहे की साखर, हे त्यांनी तिला जेवण संपेपर्यंत विचारून विचारून हैराण केलं होतं. मी त्यांचीच मुलगी. आज चाळिशी ओलांडल्यावर माझा मुलगा 'दात घासले' म्हणतो, तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन त्याचा ब्रश ओला आहे का ते बघते. हे माझ्यात कुठून आलं, ते वेगळं सांगायला नको.

आम्ही तेव्हा इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला राहत होतो. बाबा मूळचे नागपूरचे, एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. आई पुण्याची, घराजवळच्या नर्सरीत अर्धा दिवस मुलं सांभाळायची. स्वयंपाकघरात दोन शहरांचं भांडण कायम चालू असे. बाबा कोथिंबिरीला सांबार म्हणत आणि आई मुद्दाम त्यांना सांबाराचा मसाला काढून देई. महिन्यातून एकदा आम्ही लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर जाऊन डाळी, पिठं आणि कढीपत्ता घेऊन यायचो, आणि परतताना गाडीत जो वास भरून राहायचा तो पुढचे कितीतरी दिवस माझ्या शाळेच्या कोटाला येत असे. घर लहान, भिंती पातळ. कुकरची शिट्टी, बॉयलरची कुरकुर, इंटरनेट जोडताना फोनमधून निघणारं ते किंचाळणं, आणि वरच्या छोट्या खोलीत विजूआत्याचा भलत्याच वेळी वाजणारा गजर, एवढे आवाज मिळून आमचा दिवस होत असे.

विजूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. इथल्या हॉस्पिटलांना तेव्हा नर्सेस कमी पडत होत्या, भारतातून भरती चालली होती, त्यात ती आली आणि आमच्याकडे राहू लागली. तिच्या खोलीत पलंग टाकला की दार पूर्ण उघडत नसे. चाळिशीतली, बारीक चणीची, हसायला लागली की तोंडावर हात ठेवणारी. तिचं पुण्यातलं लग्न मोडलं होतं. का मोडलं, यावर आमच्या घरात, एरवी मेथीच्या जुडीचीही उलटतपासणी करणाऱ्या घरात, कुणी अवाक्षर काढत नसे. पुढच्या दारात किल्लीचा आवाज झाला की ती हातातलं काम थांबवायची आणि कोण आलंय ते कळेपर्यंत तशीच उभी राहायची, हे मात्र मी पाहिलं होतं. त्याचं कारण विचारायची हिंमत मलाही झाली नाही.

मिल्टन कीन्समध्ये सगळे गाडीने फिरतात. बसस्टॉपवर उभा असलेला माणूस एक तर शाळकरी असतो नाहीतर म्हातारा. आत्याला गाडी येत नव्हती, आणि तिच्या हॉस्पिटलच्या बससाठी रोज थांबणारा दुसरा मोठा माणूस म्हणजे शरद साठे. ठाण्याचे. पंचेचाळिशीचे असतील. उंच, खांदे जरा पुढे आलेले, मिशा जाड, आणि कमरेला बशीएवढं बक्कल असलेला पट्टा. अठरा वर्षं टेक्सासमध्ये राहून ते इकडे आले होते. टेक्सासला राहिलेला माणूस गाडी चालवत नाही, इथपासूनच बाबांना वास आला. आत्याने खुलासा केला की अमेरिकेचं लायसन्स इथे वर्षभरच चालतं, पुढे नवी टेस्ट द्यावी लागते, आणि साठे ती दोनदा राउंडअबाउटवर नापास झाले. 'चौकात गोल फिरता येत नाही आणि म्हणे घोड्यावर बसायचा,' बाबा म्हणाले.

घोड्याचं प्रकरण पहिल्या जेवणाच्या वेळी निघालं. एका रविवारी दुपारी आत्याने त्यांना बोलावलं, आणि का बोलावलं ते आम्हाला तिच्या नव्या हिरव्या कुर्त्यावरून कळलं. दार उघडताच साठे म्हणाले, 'हाउडी, फोक्स!' आई हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली. मग जेवणभर तेच. आई वडाभात वाढत राहिली तेव्हा 'होल्ड युअर हॉर्सेस, वहिनी!' भात संपवला तेव्हा, आणखी एक वडा बाइट्स द डस्ट. बाबांनी नोकरीबद्दल खोदून विचारलं तर मिशीतल्या मिशीत हसून, 'विद्याधरराव, यू आर ट्रायिंग टु हेड मी ऑफ ॲट द पास!' आणि मी विचारलं म्हणून त्यांनी एक गोष्ट सांगितली: रँचवर वादळी रात्र, वीज कडाडली, शेकडो गुरं उधळली, 'स्टँपीड!', आणि साठे घोडा फेकत कळपाच्या पुढे गेले आणि त्यांनी सगळी गुरं वळवली. आईच्या ताटातली कढी निवली. निघताना टोपी नसलेल्या डोक्याला टोपीसारखा हात लावून ते म्हणाले, 'टाइम टु गेट आउट ऑफ डॉज,' आणि बससाठी पळाले.

'काउबॉय आहे,' दार लागल्यावर बाबा म्हणाले. हे कौतुक नव्हतं. त्याआधीच्या वर्षी एका माणसाने आमच्या बाथरूमच्या फरशा बसवल्या होत्या, आणि महिन्याभरात त्या एकेक करून टबात पडल्या. शेजारच्या बाईंनी येऊन पाहिलं आणि मान हलवत आईला म्हणाल्या, 'काउबॉय, लव्ह.' इंग्लंडमध्ये काम बिघडवून पसार होणाऱ्या कारागिराला काउबॉय म्हणतात. मी तो शब्द त्या अर्थानेच पहिल्यांदा शिकले, गुरांचा त्याच्याशी काही संबंध असतो हे नंतर कळलं. बाबांच्या डोळ्यांसमोर साठे आणि त्या फरशा एकदमच उभ्या राहिल्या असणार.

आता खरी अडचण पुढे होती. आपल्याकडे मुलीचं जमवायचं म्हणजे आधी चौकशी. कुणाचा कोण, ऑफिसात कसा, घरात कसा, हे ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून काढायचं. बाबा त्यात तरबेज. पण साठ्यांची चौकशी करायची कुठे? आईवडील गेलेले. भाऊ-बहीण नाही. ठाण्याचं घर विकलेलं, जुन्या इमारतीच्या जागी टॉवर झालेला. टेक्सासमध्ये बाबांच्या ओळखीचा एकच, आणि तो साठ्यांपासून नागपूर-मुंबईपेक्षा लांब राहणारा. बाबांनी आठवडाभर फोन फिरवले, फोनकार्डं संपवली, आणि शेवटी हात टेकले. मग एका संध्याकाळी मला स्वयंपाकघरात बोलावून, दार लोटून घेऊन म्हणाले, 'माणसाची चौकशी होत नाही ना, मग त्याच्या बोलण्याची कर.'

'म्हणजे?'

'तो जे डायलॉग मारतो ना, ते खरे काउबॉय बोलायचे का ते शोध. खरं राहिलेल्या माणसाच्या तोंडी खरं तेच येतं. तू हुशार आहेस, इंटरनेट येतं तुला. विजूला कळू देऊ नको.'

आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. उलट मी हरखून गेले. सोळा वर्षांच्या मुलीला एवढं महत्त्वाचं काम दुसरं कोण देणार होतं? शाळा सुटली की मी सेंट्रल मिल्टन कीन्सच्या लायब्ररीत जायची. तिथे संदर्भविभागात जाडजूड शब्दकोश होते, प्रत्येक शब्द पहिल्यांदा कुठे छापला गेला ते सांगणारे. घरी आल्यावर आईचा फोन होईपर्यंत वाट बघायची आणि मग इंटरनेट. साठ्यांचं एकेक वाक्य मी धरत गेले आणि एकेक गळत गेलं. खिंडीत अडवायचं ते वाक्य सिनेमा लिहिणाऱ्यांचं. डॉज नावाच्या गावातून पळायचं ते टीव्हीमुळे पसरलेलं, आणि म्हणणारी तरुण पोरं शहरातली. धूळ चाटायची ती जुन्या इंग्रजी पुस्तकांतली, टेक्सासमध्ये गुरांचे कळप हाकले जाण्याच्या कितीतरी आधीची. आणि हाउडी! ते तर चक्क इंग्लंडमधून तिकडे गेलेलं. खऱ्या गुराख्यांचे शब्द मलाही सापडले, पण त्यातले बरेचसे मेक्सिकोच्या स्पॅनिशमधून आलेले होते, गुरांना फास टाकायचा लासो, आणि ती गुरं उधळण्याची स्टँपीडसुद्धा. साठ्यांच्या सगळ्या बोलण्यात तेवढीच काय ती अस्सल निघाली.

त्याच आठवड्यात आत्या माझ्या खोलीत आली. ड्यूटीचा गणवेश इस्त्री करायला माझ्याच खोलीत जागा होती. बराच वेळ नुसती इस्त्री फिरवत राहिली आणि मग म्हणाली, 'ते दादाला आवडले का गं? तुला काही बोलला?'

'तुला आवडलेत ना?' मी विचारलं.

'मला त्यांच्यासोबत बसची वाट बघायला बरं वाटतं,' ती म्हणाली. 'बस उशिरा आली तर जास्त बरं वाटतं.' मग इस्त्री उभी ठेवून म्हणाली, 'पण दादा नाही म्हणाला, तर मी नाही करणार हे. मला इथे आणलं त्याने. त्याच्या मनाविरुद्ध जाऊन राहू कुठे मी?' ती गेल्यावर खोलीत वाफेचा वास रेंगाळत राहिला. मला वाईट वाटलं. पण मला तिची काळजीही वाटत होती, आणि जो माणूस वाक्यावाक्याला खोटा निघतोय त्याच्या हाती तिला जाऊ द्यायचं नाही, असं मी माझ्यापुरतं पक्कं केलं. आजही कुणी मला विचारलं तर मी सांगेन की माझं काम चोख होतं.

पुढच्या रविवारी साठे पुन्हा जेवायला आले. आईने गोळाभात केला होता, वर हिंगाची फोडणी, सोबत कढी. साठ्यांनी पहिलाच घास घेतला आणि बाबांनी मला डोळ्याने खूण केली.

'साठेकाका,' मी म्हटलं, 'ते हेड देम ऑफ ॲट द पास आहे ना, ते काउबॉय म्हणायचेच नाहीत. फिल्मवाल्यांनी बनवलंय ते.'

'इज दॅट सो?'

'गेट आउट ऑफ डॉज टीव्हीमुळे आलं. बाइट द डस्ट काउबॉयच्या आधीचं आहे. आणि हाउडी इथलं. इंग्लिश लोकांचं.'

'हाउडी इथलं?' ते खरंच चकित झाले. 'हे मला माहीत नव्हतं.'

'अठरा वर्षं तिथे काढलेल्या माणसाच्या तोंडी सगळंच टीव्हीतलं कसं हो, साठे?' बाबा म्हणाले. आवाज शांत होता. हा त्यांचा आवडता क्षण होता, मला ओळखता येत असे. आत्या माझ्याकडे पाहत होती. मी कढीकडे पाहिलं.

साठ्यांनी हात ताटाच्या कडेला टेकवला. मग इंग्रजी पार सोडून, ठाण्याच्या साध्या मराठीत म्हणाले, 'मी गुरांमागे कधी फिरलो नाही, विद्याधरराव. इन्शुरन्स कंपनीत होतो. आमच्या ऑफिसात सगळे असंच बोलायचे, त्यांनीही कुणी गाय जवळून पाहिली नव्हती. एकदा पिकनिकला रँचवर गेलो होतो. घोड्यावर बसवून फोटो काढला. घोडा धरायला माणूस होता.'

'आणि ती गुरं उधळली ते?' आईने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

'ते टीव्हीवर पाहिलेलं, वहिनी.'

'मग का सांगितलंत?'

'इन्शुरन्स म्हटलं की लोक दुसरा प्रश्न विचारत नाहीत. त्या दिवशी तुम्ही सगळे जेवण थांबवून ऐकत होता. माझं कुणी इतकं ऐकलं त्याला फार दिवस झाले होते.' ते मान खाली घालून म्हणाले, 'चुकलं माझं.'

'मला माहीत होतं,' आत्या म्हणाली. 'मला त्यांनी बसस्टॉपवर पहिल्या आठवड्यातच सगळं सांगितलंय. इन्शुरन्स, तो फोटो, सगळं. तुमच्यासमोर बसले आणि सुटले ते थांबलेच नाहीत.'

'माहीत होतं आणि तू गप्प राहिली?' बाबांचा आवाज चढला आणि नागपूर वर आलं. 'काय करून राहिली तू, विजू? हा माणूस आपल्याच टेबलावर बसून थापा मारतो, अन् तुला कौतुक! अशा माणसाच्या दावणीला नाही बांधणार मी माझ्या बहिणीला.'

'दावण?' आत्याने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. 'दादा, तू दावण पाहिलीस कधी? फ्लॅटमध्ये वाढलो आपण, दुसऱ्या मजल्यावर. याला वेसण घाल, ती मोकाट सुटली, त्याच्या मुसक्या आवळ. दिवसभर तुझ्या तोंडी गुरंच असतात. अन् गल्लीत गाय बसलेली दिसली की तू माझा हात धरून रस्ता ओलांडायचास. तुझी चौकशी कुणी केली?'

आईला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात दडपलं. मी मात्र थक्क झाले होते. लायब्ररीत इतक्या संध्याकाळी काढल्या, इतके शब्द उकरले, पण बाबांच्या तोंडचा एकही शब्द उचलून बघावा असं मला सुचलं नव्हतं.

'बोलण्याची गोष्ट सोड,' बाबा म्हणाले. कानशिलं लाल झाली होती. 'बोलायची पद्धत वेगळी, खोटं वेगळं. चौकशीत खोटा निघाला हा माणूस. मी आता डोळे मिटून हो म्हणू?'

'चौकशी,' आत्या म्हणाली. पुढचं ती इतक्या हळू बोलली की बॉयलरचा आवाज तिच्यापेक्षा मोठा वाटला. 'त्याची चौकशी तूच केली होतीस ना, दादा? पुण्याला चकरा मारल्यास. त्याच्या ऑफिसात गेलास, शेजाऱ्यांना भेटलास, डिग्री बघितलीस. पगार खरा निघाला. घर खरं निघालं. दारूला शिवत नाही म्हणाला होता, तेही खरं. पूर्ण शुद्धीत मारायचा मला. मारीन म्हणायचा आणि मारायचा. त्याचा एकही शब्द कधी खोटा निघाला नाही.'

साठ्यांनी आत्याकडे पाहिलं नाही, समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले, आणि त्यांना हेही आधीच ठाऊक होतं हे मला त्यावरून कळलं. आम्हाला ठाऊक नव्हतं. आईला थोडं असेल. बाबांना नक्कीच नाही. बाबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मी त्यांना ओळखत होते, त्यांना विचारायचं होतं की तू मला का सांगितलं नाहीस. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. माझ्या बाबांची मला इतकी कीव आणि इतका राग एकाच वेळी कधी आला नव्हता.

साठे खुर्ची मागे सारू लागले. 'मी निघतो,' ते म्हणाले. 'तुम्ही घरचे बोला.'

'बसा,' बाबा म्हणाले. मग त्यांनी भाताचं पातेलं स्वतःकडे ओढलं आणि साठ्यांच्या ताटात वाढलं, एक गोळा फोडून, वर फोडणी घालून. बाबांनी कुणाला वाढलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. भाताची ढेकळं ताटाबाहेर पडली. 'इन्शुरन्समध्ये नक्की काय करायचात तुम्ही?'

साठ्यांना आधी कळलंच नाही की हे आपल्याला विचारताहेत. 'गाड्या बघायचो,' ते म्हणाले. 'तिकडे गारा पडतात. गारपीट झाली की लोकांच्या गाड्यांना पोचे येतात, काचा फुटतात. ते बघायला घरोघरी जायचं. गाडीभोवती फिरायचं, टपावरून हात फिरवायचा. हाताला कळतं कुठे खड्डा आहे ते.'

'मोठ्या असतात गारा?'

'कधी कधी लिंबाएवढ्या.'

लिंबाएवढ्या म्हणजे अतिच झालं. मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे न बघता टेबलाखालून माझा हात घट्ट दाबून धरला, दुसऱ्या हाताने आत्याच्या ताटात भात वाढला, आणि साठ्यांना म्हणाले, 'सांगा. ऐकतोय मी.'